यान झेलेझनी आणि ९८.४८ मीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीरज चोप्रामुळे आपल्याकडे भालाफेक घराघरात पोचली आणि तिच्याबरोबर एक नाव सारखं कानावर पडू लागलं: यान झेलेझनी. चेक प्रजासत्ताकाच्या या निवृत्त भालाफेकपटूबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. झेलेझनीची ओळख केवळ एका विक्रमी फेकीवर आटोपते, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. म्हणून विक्रमाइतकीच जागा त्याच्या तंत्राला आणि हुकलेल्या स्पर्धांनाही दिली आहे.

झेलेझनी नेमका कोण?

जन्म १६ जून १९६६, म्लादा बोलेस्लाव, तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया. आई-वडील दोघेही भालाफेक करणारे. क्लब प्रागचा दुकला. ऑलिम्पिकमध्ये ३ सुवर्ण (१९९२, १९९६, २०००) आणि १ रौप्य (१९८८), जागतिक स्पर्धेत ३ सुवर्ण (१९९३, १९९५, २००१) आणि २ कांस्य (१९८७, १९९९). पुरुषांच्या भालाफेकीत ऑलिम्पिकची तीन वैयक्तिक सुवर्णं दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. ९८.४८ मीटरचा जागतिक विक्रम त्याने २५ मे १९९६ रोजी जर्मनीतल्या येना इथे केला.

पण उवे होनने तर १०४.८० मीटर फेकला होता. मग विक्रम झेलेझनीचा कसा?

दोघांच्या हातातले भाले वेगळे होते. पूर्व जर्मनीच्या उवे होनने २० जुलै १९८४ रोजी बर्लिनमध्ये १०४.८० मीटर फेक केली ती जुन्या रचनेच्या भाल्याने. तो भाला हवेत तरंगायचा आणि अनेकदा आडवा पडायचा. टोक आधी लागलं की नाही यावर पंचांचे वाद व्हायचे. शिवाय फेका इतक्या लांब जाऊ लागल्या की स्टेडियमचं मैदान अपुरं पडेल अशी भीती होती.

म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे, टोकाच्या बाजूला सरकवला. वजन ८०० ग्रॅमच राहिलं. एवढ्याशा बदलाने भाल्याचं वागणं पालटलं. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो आता बहुतेक उड्डाणात गुरुत्वमध्याच्या मागे राहतो, त्यामुळे शेपटाकडचा भाग उचलला जातो आणि टोक खाली वळतं. भाला लवकर उतरतो आणि टोकावर उतरतो. अंतर साधारण दहा टक्क्यांनी घटलं. विक्रमांची यादी नव्याने सुरू झाली आणि होनची फेक जुन्या भाल्याच्या यादीत कायमची राहिली. महिलांच्या ६०० ग्रॅमच्या भाल्यात असाच बदल १९९९ मध्ये झाला.

दोन फेकींची थेट तुलना करून 'खरा विक्रमवीर कोण' असं विचारण्यात अर्थ नाही. होनची फेक अचाट होती, झेलेझनीचीही आहे.

खडबडीत शेपटीच्या भाल्याचं प्रकरण काय होतं?

१९९० च्या सुमारास भाल्याच्या मागच्या भागाचा पृष्ठभाग खडबडीत करून उड्डाण सुधारण्याची युक्ती निघाली. हंगेरीचा १९७६ चा ऑलिम्पिक विजेता मिक्लोश नेमेथ भाले बनवायचा, त्याच्या भाल्यांशी ही युक्ती जोडली गेली. मागचा भाग खडबडीत असला की तिथला हवेचा प्रवाह बदलतो आणि टोक खाली वळण्याचा वेग कमी होतो. म्हणजे १९८६ च्या बदलाने जे हिरावून घेतलं होतं, त्यातलं थोडं मागच्या दाराने परत आलं. फिनलंडच्या सेप्पो रेटीने जून १९९१ मध्ये ९६.९६ मीटर फेक केली ती अशाच भाल्याने.

ऑगस्ट १९९१ मध्ये या भाल्यांवर बंदी आली आणि त्यांनी केलेले विक्रम पुसले गेले. त्यात झेलेझनीचा जुलै १९९० मधला ऑस्लोचा ८९.६६ मीटरचा विक्रमही गेला. अधिकृत विक्रम ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकलीच्या ८९.५८ वर मागे आला. गंमत म्हणजे १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये झेलेझनीने सुवर्ण जिंकलं ते बरोबर ८९.६६ मीटरच्याच फेकीवर.

त्याच्या नावावर एकूण किती जागतिक विक्रम आहेत?

आजच्या यादीत चार: ८७.६६ (नित्रा, मे १९८७), ९५.५४ (दक्षिण आफ्रिकेतलं पीटर्सबर्ग, ६ एप्रिल १९९३), ९५.६६ (शेफील्ड, २९ ऑगस्ट १९९३) आणि ९८.४८ (येना, १९९६). जुलै १९९२ मध्ये ऑस्लोला त्याने ९४.७४ मीटर फेक केली होती, पण भाल्याच्या मंजुरीवरून ती विक्रम म्हणून मान्य झाली नाही. जुन्या आकडेवारीत ती कधी दिसते, कधी नाही. तुमच्या हातातली यादी दुसऱ्या यादीशी जुळत नसेल तर कारण बहुधा हेच असतं.

१९८८ चं सोलचं सुवर्ण कसं हुकलं?

१६ सेंटिमीटरने. पात्रता फेरीत २२ वर्षांच्या झेलेझनीने ८५.९० मीटर फेकून ऑलिम्पिक विक्रम केला होता. अंतिम फेरीत ८४.१२ वर तो सर्वांत पुढे होता. फिनलंडच्या तापिओ कोर्युसने अगदी शेवटच्या फेकीत ८४.२८ मीटर गाठले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पात्रता फेरीतलं अंतर अंतिम फेरीत धरलं जात नाही. सगळे पुन्हा शून्यापासून सुरू करतात. तेव्हा आधी सर्वांच्या तीन फेका व्हायच्या, मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन मिळायच्या. त्यामुळे आदल्या दिवशी ८५.९० फेकूनही दुसऱ्या दिवशी ८४.१२ वर रौप्य मिळू शकतं.

मग तीन सुवर्णांपैकी सर्वांत कठीण कोणतं?

आमच्या मते सिडनीचं, २००० सालचं.

बार्सिलोनात ८९.६६ ला कुणी जवळही पोचलं नाही. दुसऱ्या क्रमांकावरचा रेटी ८६.६० वर होता, म्हणजे तीन मीटरहून अधिक फरक. अटलांटात बॅकलीने पहिल्याच फेकीत ८७.४४ मीटर गाठून दडपण आणलं आणि झेलेझनीने दुसऱ्या फेरीत ८८.१६ ने उत्तर दिलं.

सिडनीत तो ३४ वर्षांचा होता आणि दोनच वर्षांपूर्वी त्याच्या खांद्याचं गंभीर दुखणं झालं होतं. बॅकलीने ८९.८५ मीटर फेकून नवा ऑलिम्पिक विक्रम केला. बहुतेकांच्या दृष्टीने सुवर्ण तिथेच ठरलं होतं. तिसऱ्या फेरीत झेलेझनीने ९०.१७ मीटर फेकले. फरक ३२ सेंटिमीटरचा. रशियाचा सर्गेई माकारोव्ह ८८.६७ वर तिसरा. बॅकलीसारखा खेळाडू बार्सिलोनाचं कांस्य, अटलांटाचं रौप्य आणि सिडनीचं रौप्य घेऊन गेला, ते तिन्ही वेळा हाच माणूस समोर असल्यामुळे. बॅकलीबद्दल बोलताना हे विसरू नये.

तो कधी हरलाच नाही का?

पुष्कळदा हरला. १९९१ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत त्याला अंतिम फेरीही गाठता आली नाही. १९९७ मध्ये अथेन्सला, विक्रमाच्या पुढच्याच वर्षी, तो नववा आला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्येही नववाच. युरोपियन स्पर्धेचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. १९९४ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणि २००६ मध्ये गोथेनबर्गला पुन्हा कांस्य, ते मात्र चाळिशी गाठल्यावर, ८५.९२ मीटर फेकून.

भालाफेकीत असं होतं, कारण सहाच फेका असतात आणि प्रत्येकीत सगळं जुळावं लागतं. सामर्थ्य तेवढंच असूनही सुटण्याचा कोन दोन-तीन अंशांनी चुकला किंवा भाल्याचं टोक हालचालीच्या दिशेपासून बाजूला गेलं की पाच-सात मीटर सहज जातात.

२००१ ची एडमंटनची फेक इतकी का गाजते?

९२.८० मीटर, वय ३५, जागतिक स्पर्धेचा विक्रम. २०१५ मध्ये बीजिंगला केनियाच्या ज्युलियस येगोने ९२.७२ मीटर फेकले, आठ सेंटिमीटर कमी पडले. ऑलिम्पिक विक्रम मात्र झेलेझनीकडून गेला. नॉर्वेच्या आंद्रेआस थोर्किल्डसेनने २००८ मध्ये ९०.५७ केले आणि पॅरिस २०२४ मध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७.

तो फार धिप्पाड नव्हता, मग एवढं अंतर कुठून यायचं?

उंची सुमारे १.८५ मीटर, शरीर सडसडीत. आंतरराष्ट्रीय भालाफेकीत हे अंगापिंडाने मध्यमच. अंतर येतं ते भाला हातातून सुटताना त्याचा वेग किती आहे त्यावरून. साधा हिशेब करून पाहा. हवेचा परिणाम आणि सुटण्याची उंची बाजूला ठेवली तर ३५ अंशांच्या कोनात ३० मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे ८६ मीटर येतात आणि ३१ मीटर प्रति सेकंद वेगाला ९२. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेग वाढला की जवळजवळ सहा मीटर अंतर मिळतं. कोनात एखाद-दुसऱ्या अंशाची सुधारणा एवढं कधीच देत नाही. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी वेगाच्या मागे लागतात.

हा वेग दंडाचा नसतो. धावपट्टीवरून शरीर सेकंदाला साधारण सहा-सात मीटर वेगाने येतं. मग पुढचा पाय शरीराला अडवतो, आणि तो वेग खालून वर चढतो: कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट. प्रत्येक टप्प्यावर आधीचा भाग थांबतो आणि पुढचा उसळतो, चाबकाच्या फटक्यासारखा. झेलेझनी या क्रमात अद्वितीय होता. हात शेवटपर्यंत मागे, लांब आणि सैल ठेवायचा, उजवा पाय टेकताच कंबर पुढे न्यायचा, आणि भाला सुटल्यावर इतका वेग उरलेला असे की अनेकदा तो पुढे झेपावून दोन्ही हातांवर जमिनीवर येई.

पुढचा पाय 'अडवणं' म्हणजे काय? त्यात चुकतं कुठे?

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय. शेवटच्या पावलात तो टाचेवर, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून पुढे रोवायचा असतो. पाय रोवल्यापासून भाला सुटेपर्यंत जेमतेम एक दशांश सेकंद जातो. या क्षणात गुडघा वाकला की शरीराचा वेग गुडघ्यातच विरतो आणि भाल्यापर्यंत पोचत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं 'हात कमी पडला'. खरं तर पाय कमी पडलेला असतो.

गुडघा वाकण्याची नेहमीची कारणं तीन. धाव झेपेल त्याहून जास्त वेगाने घेतलेली असते. किंवा उजवा पाय टेकल्यावर डावा पाय यायला उशीर होतो. तो जवळजवळ मागोमागच टेकला पाहिजे. किंवा धड आधीच पुढे कललेलं असतं, मग पाय अडवणार तरी काय? पहिल्या कारणावर उपाय सोपा आहे, धाव आखूड करा. दुसऱ्यासाठी फेक न करता नुसत्या तिरक्या पावलांचा सराव लागतो, २० ते ३० मीटर, डावा पाय लवकर टाकण्यावरच लक्ष ठेवून. तिसरं कारण सर्वांत चिवट. भाला मागे नेताना खांदा मागे राहत नाही, म्हणून धड पुढे येतं.

भालाफेकीच्या बुटांना टाचेखालीही खिळे असतात ते याच पावलासाठी. धावण्याच्या साध्या स्पाइक्सवर जोरात फेक करू नका, टाच घसरते आणि गुडघा किंवा जांघ दुखावते.

त्याला कोणत्या दुखापती झाल्या?

सर्वांत मोठी १९९८ मधली, फेकणाऱ्या खांद्याची. कारकीर्द संपली असं बोललं गेलं. १९९९ मध्ये सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत त्याने ८७.६७ मीटर फेकून कांस्य मिळवलं आणि पुढच्या वर्षी सिडनी.

भालाफेकीत चार जागा धोक्याच्या: खांदा, कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, कमरेचे मणके आणि जांघेचा स्नायू. कोपर दुखावतं ते बहुतेक वेळा कोपर खांद्याच्या खाली घसरल्यामुळे, म्हणजे भाला खांद्यावरून न जाता बाजूने 'फिरवून' फेकल्यामुळे. नीरजच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढे जांघेच्या दुखण्याने त्याला बराच त्रास दिला. कोपराच्या आत दुखू लागलं तर त्याच दिवशी फेकणं थांबवा. सहन करून फेकलेल्या प्रत्येक फेकीने तो अस्थिबंध ताणला जातो.

तो बेसबॉल खेळणार होता हे खरं का?

अटलांटा ऑलिम्पिकनंतर तिथल्या अटलांटा ब्रेव्हज संघाने त्याची चाचणी घेतली होती. त्यापुढे काही झालं नाही.

निवृत्ती कधी? नंतर काय केलं?

सप्टेंबर २००६ मध्ये, आपल्या गावी म्लादा बोलेस्लावला निरोपाची स्पर्धा खेळून. खेळत असतानाच तो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या खेळाडू आयोगावर होता. निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाला, आणि तिथेही त्याचं काम भक्कम आहे. बार्बोरा श्पोताकोव्हाने २०१२ मध्ये लंडनचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती त्याच्याकडे होती. विटेस्लाव वेसेली २०१३ चा जागतिक विजेता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये नीरजच्या ८७.५८ मागे याकुब वाडलेख (८६.६७) आणि वेसेली (८५.४४) उभे होते, दोघेही झेलेझनीचे शिष्य.

नीरजशी त्याचा संबंध नेमका किती?

नोव्हेंबर २०२४ मध्ये झेलेझनी नीरजचा प्रशिक्षक होणार असं जाहीर झालं. २०२५ च्या सुरुवातीचा सराव दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूमला झाला. १६ मे २०२५ रोजी दोह्यात नीरजने ९०.२३ मीटर फेकून पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. त्या दिवशी जिंकला मात्र जर्मनीचा युलियान वेबर, ९१.०६ मीटरवर. सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज ८४.०३ वर आठवा राहिला. नव्वदीचं सगळं श्रेय झेलेझनीला देणं किंवा टोकियोचा सगळा दोष त्याच्यावर ढकलणं, दोन्ही चुकीचं. नीरज त्याआधीच ८९.९४ मीटरपर्यंत पोचलेला होता. त्याच्या जडणघडणीत उवे होन आणि क्लाउस बार्टोनिट्झ यांचाही वाटा आहे. म्हणजे १०४.८० आणि ९८.४८ या दोन्ही फेकींचे धनी एकाच भारतीय खेळाडूचे प्रशिक्षक राहिले.

अंतर मोजतात कसं? फाउल कधी होतो?

टेपचा शून्य भाल्याचं टोक जिथे पहिल्यांदा लागलं तिथे धरतात. टेप धावपट्टीच्या टोकाशी आखलेली कमान ज्या वर्तुळाचा भाग आहे, त्याच्या केंद्रातून ओढतात. ही कमान ८ मीटर त्रिज्येची असते. वाचन कमानीच्या आतल्या कडेवर, आणि पूर्ण सेंटिमीटर न भरल्यास खालचा आकडा. ९८.४८ म्हणजे ९८.४८ किंवा त्याहून किंचित जास्त, कमी कधीच नाही.

फाउल होण्याची कारणं: कमानीला किंवा तिच्या पुढे पाय लागणं, भाला सुमारे २९ अंशांच्या क्षेत्राबाहेर पडणं, धातूच्या टोकाआधी दुसरा भाग जमिनीला लागणं, खांद्यावरून न फेकणं, फेकण्याआधी पूर्ण गिरकी घेऊन पाठ क्षेत्राकडे करणं. भाला जमिनीत रुतलाच पाहिजे असा नियम नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

नव्या मुलांचे फाउल बहुतेक पायाचेच होतात, कारण ते कमानीला चिकटून फेकतात. पुढचा पाय कमानीच्या किमान दीड ते दोन मीटर मागे रोवला गेला पाहिजे, म्हणजे भाला सुटल्यावर थांबायला जागा उरते. झेलेझनीसारखा झेपावणारा खेळाडू तर आणखी मागून फेकतो.

शाळा-कॉलेजातल्या मुलाने त्याच्याकडून काय उचलावं, काय नको?

उचलावं ते हात मागे लांब ठेवणं आणि पुढच्या पायाचं अडवणं. ती शेवटची झेप नक्कल करू नका. ती वेगाचा परिणाम आहे. वेग नसताना झेपावलं की पुढचा पाय आपोआप वाकतो, म्हणजे नेमकं उलटं होतं.

भाल्याचं वजन वयाप्रमाणे घ्या. १८ वर्षांखालील मुलांसाठी ७०० ग्रॅम, मुलींसाठी ५००. मोठ्यांचा ८०० ग्रॅमचा भाला चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती देणं ही कोपर बिघडवण्याची खात्रीशीर वाट आहे. भाले अंतराप्रमाणे वेगवेगळ्या ताठरपणाचे येतात. ५० मीटर फेकणाऱ्याने ९० मीटरचा ताठ भाला घेतला तर तो उड्डाणात साथ देत नाही आणि कोनाची छोटी चूकही माफ करत नाही.

सुरुवात उभ्याने फेकण्यापासून, मग तीन पावलं, मग पाच. पूर्ण धाव त्यानंतर. प्रत्येक टप्प्यावर टोक डोळ्याच्या पातळीजवळ आणि शेपूट हाताच्या रेषेत आहे का ते पाहा. भाला थरथरत, बाजूला वळत उडत असेल तर जोर भाल्याच्या लांबीतून जात नाही. अशा वेळी ताकद वाढवू नका, निम्म्या जोराने फेका आणि रेषा दुरुस्त करा. जोरदार फेकींच्या दोन दिवसांमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर ठेवा. मधल्या दिवसांत दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल (सरावाचा जड चेंडू) दोन्ही हातांनी डोक्यावरून फेका, आठ-आठच्या तीन खेपा पुरेत.

९८.४८ मोडेल का?

सर्वांत जवळ गेला तो जर्मनीचा योहान्स व्हेटर, ६ सप्टेंबर २०२० रोजी पोलंडमधल्या होझूफला, ९७.७६ मीटर. ७२ सेंटिमीटर कमी. तिसऱ्या क्रमांकावरचा थॉमस रोलर ९३.९० वर आहे. म्हणजे यादीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खेळाडूत जवळपास चार मीटरची दरी आहे. भाला तोच, नियम तेच, मैदानं आधीपेक्षा चांगली, तरी १९९६ नंतर एकालाच ९५ च्या पुढे जाता आलं. झेलेझनी मात्र तीन वेगवेगळ्या दिवशी तिथे पोचला होता: पीटर्सबर्ग, शेफील्ड, येना.